गृहव्यवस्था : माळ्यावरचें संगणकाचें सामान

मृग नक्षत्र लागून चार मोठ्या सरी कोसळल्या कीं आमच्या रत्नागिरीस घरोघर एक गोष्ट न चुकतां घडते. मिठाच्या बरणीला पाणी सुटतें. कालपर्यंत सुटें, कोरडें असलेलें मीठ आज चमच्यास चिकटूं लागतें आणि आठ दिवसांत बरणीच्या तळाशीं चक्क पाणी सांठतें. घरांतील वडील बायका 'आतां पाऊस बसला' असें म्हणून ती बरणी शेगडीजवळच्या फळीवर, उबेला, नेऊन ठेवतात. पापड-कुरड्यांच्या डब्यांचीं झांकणें पुनः एकदां दाबून पाहतात. आणि आपल्या कामास लागतात. या बरणीचा आणि घरांतील संगणकाच्या जुन्या-सुट्या सामानाचा संबंध काय, असें वाचकांस वाटेल. संबंध आहे, आणि तो आम्हांस वेळींच कळला असता तर आमच्या घरची एक हानि टळली असती.

इ. स. २०१४ च्या उन्हाळ्यांत आमच्या आत्याबाई महिनाभर माहेरीं येऊन राहिल्या होत्या. वय ८६, परंतु स्मरण तल्लख. दुपारचा चहा झाला कीं ओटीवर बसून त्या कहाण्या सांगत, जात्यावरच्या ओव्या म्हणत, आणि घराण्यांत कोणत्या पिढीस कोण कोठून दत्तक आला, परसांतल्या विहिरीस पाणी कोणत्या सालीं लागलें, असल्या हकीकती ओघानें येत. आमच्या पुतण्यानें तें सारें ध्वनिमुद्रित केलें. एकंदर नऊ तासांचें झालें. एक प्रत घरच्या संगणकांत राहिली. दुसरी, आदल्या संगणकांतून काढून ठेवलेल्या एका हार्ड डिस्कवर उतरविली, आणि ती डिस्क वर्तमानपत्रांत गुंडाळून, बुटांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत घालून माळ्यावर ठेवली. खोक्यांत तिच्या सोबतीस मेमरीच्या दोन पट्ट्या, एक मदरबोर्ड, एक पॉवर सप्लाय आणि तारांचें एक भेंडोळें होतें. २०१७ सालीं आत्याबाई गेल्या. २०२१ च्या पावसाळ्यांत विजेच्या लपंडावांत घरचा संगणक बंद पडला आणि त्यांतील डिस्कही गेली. तेव्हां आम्ही निर्धास्तपणें माळ्यावर चढलों. पेटी उघडली तों डिस्कच्या पाठीवरील जोडणीच्या टोंकांवर हिरवट-पांढरी पूड धरलेली, स्क्रूंचीं डोकीं तांबारलेलीं, आणि वर्तमानपत्र हातास ओलसर लागणारें. डिस्क जोडतांच ती टक् टक् असा आवाज करूं लागली. पुण्यास एका जाणत्या कारागिराकडे ती दोन महिने होती. परंतु तिच्यांतून कांहीं निघालें नाहीं.

त्या डिस्कला काय झालें हें समजण्यास पुन्हां बरणीकडे वळूं. शुद्ध मीठ हवेची आर्द्रता सुमारें ७५ टक्क्यांच्या वर गेली कीं हवेंतील पाणी ओढून विरघळूं लागतें. समुद्राच्या मिठांत मॅग्नेशियमचाही अंश असतो. तो तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरूं लागतो. म्हणूनच खडे मीठ बारीक मिठापेक्षां लौकर पाझरतें. रत्नागिरीस वर्षाकाठीं ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि आषाढ-श्रावणांत हवेची आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. आतां समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर अत्यंत सूक्ष्म असे खारे तुषार घरांत येतात व प्रत्येक वस्तूवर डोळ्यांस न दिसणारा मिठाचा थर बसवितात. पावसाळा येतांच बरणींतील मिठाप्रमाणें तोही थर पाझरतो. मदरबोर्डावर जेथें तांबें, निकेल, कथील, सोनें हे धातु केसाएवढ्या अंतरावर एकमेकांस लागून असतात, तेथें हें खारें पाणी पसरलें म्हणजे धातु धातूस खाऊं लागतो. मेमरीच्या पट्टीच्या कडेला दिसणारा सोनेरी मुलामा इतका पातळ असतो कीं त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून खालचा निकेल व तांबें गंजून गंज वर येतो. या कामास वीज चालू असावी लागत नाहीं. वापरांतला संगणक स्वतःच्या उष्णतेनें थोडाबहुत कोरडा तरी राहतो; माळ्यावर निजलेला भाग मात्र रात्रंदिवस भिजत असतो. 'वापरलें नाहीं, मग बिघडलें कसें?' या घरोघर ऐकूं येणाऱ्या प्रश्नाचें उत्तर हें असें आहे.

ज्यांचा यावर विश्वास बसत नसेल त्यांनीं मिऱ्याचा किनारा आठवावा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळांत 'बसरा स्टार' नांवाचें जहाज तेथें किनाऱ्यास लागलें आणि पुढें कित्येक पावसाळे तेथेंच गंजत पडलें. पोलादाच्या जाड पत्र्याची जी गत, तीच कागदाहून पातळ तांब्याच्या रेषेची; फक्त ती आपल्या डोळ्यांवर येत नाहीं. किनाऱ्यापासून आंत जावें तसतसा खारेपणा झपाट्यानें कमी होतो. यास्तव मांडवी, भाट्ये, मिऱ्या येथील घरांनीं जितकी काळजी घ्यावी तितकी लांजें-संगमेश्वराकडे घ्यावी लागणार नाहीं. दमटपणा मात्र तेथेंही आहेच.

कोंकणांतील माळा हा अशा सामानास सर्वांत वाईट. वैशाखांत कौलांखालीं तो भट्टीसारखा तापतो, आषाढांत पागोळ्यांच्या ओलीनें भिजतो, आणि उंदीर व वाळवी यांचें तर तें वतनच. शिवाय २०२० च्या निसर्ग वादळानें दापोली-मंडणगडाकडे आणि मे २०२१ मधील तौक्ते वादळानें किनाऱ्यालगत कौलें कशीं उडविलीं, हें आपण विसरलों नाहीं. तळमजल्याची जमीनही नको. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर ज्यांनीं चिपळुणांत पाहिला त्यांस हें सांगणें नलगे. जांभ्या दगडाची बाहेरची भिंत पावसाळाभर ओल धरते, म्हणून तिला टेकूनही कांहीं ठेवूं नये. स्वयंपाकघराशेजारीं तेलाची वाफ, न्हाणीघराशेजारीं पाण्याची, आणि देवघराशेजारीं धूप-कापराची काजळी. राहिली मधल्या खोलींतील कपाटाची मधली फळी. बहुतेक घरांत ती शालू-पैठण्यांनीं अडविलेली असते. तिच्यांतील एक हातभर जागा सुनांकडून मागून घ्यावी, असें आम्ही पुरुषवाचकांस सुचवितों. ती मिळेल असें वचन आम्ही देत नाहीं.

परंतु जागा मागण्यापूर्वीं, ठेवावयाचें काय हें ठरविलें पाहिजे. एकत्र कुटुंबांत 'असूं दे, कधींतरी उपयोगी पडेल' हा मंत्र पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. नारळाच्या करवंट्यांस तो लागू पडतो. संगणकाच्या भागांस फारसा नाहीं. उदाहरणार्थ, मेमरीच्या डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या तीन पिढ्यांच्या पट्ट्या दिसण्यांत सख्ख्या बहिणी, पण त्यांच्या कडेची खांच निरनिराळ्या ठिकाणीं असल्यामुळें एकीच्या जागीं दुसरी बसतच नाहीं. घरांत आज जो संगणक चालतो त्याच्याच जातीची एक पट्टी, एक पॉवर सप्लाय, एक कीबोर्ड, एक माऊस, चार्जर आणि दोन-तीन उपयोगाच्या तारा एवढा संग्रह पुरे. २०२० च्या टाळेबंदींत मुलांची शाळा संगणकावर आली आणि दुकानें बंद. तेव्हां ज्यांच्या घरीं एक जादा कीबोर्ड निघाला त्यांस त्याचें मोल कळलें. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव भडकले तेव्हां पट्टी सांभाळून ठेवणारे शहाणे ठरले. म्हणजे संग्रह मूर्खपणाचा नव्हे, तो निवडक मात्र हवा. बाकीचें सामान एखाद्या तंत्रशाळेच्या विद्यार्थ्यास खोलून पाहावयास द्यावें, नाहींतर नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे पोंचवावें. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आले आहेत आणि हें सामान कचऱ्याच्या गाडींत टाकणें त्यांत बसत नाहीं. डिस्क देतांना मात्र तींतील घरचे कागदपत्र पुरते पुसले आहेत ना, हें पाहावें.

आतां हाताळण्याविषयीं. या भागांचेंही एक सोंवळें आहे, पण तें आपल्या सोंवळ्याच्या अगदीं उलट. रेशमी मुकटा किंवा धाबळी नेसून त्यांस शिवूं नये. रेशीम व लोंकर यांच्या घर्षणानें अंगांत वीज सांठते, हें शाळेंतील कांचेच्या नळीच्या प्रयोगावरून वाचकांस आठवत असेल. बोटास चटका जाणवण्यास सुमारें ३,००० व्होल्टांचा दाब लागतो. नाजूक चकतीस इजा होण्यास कित्येकदां १०० देखील पुरतात. अर्थात् आपल्या नकळत, ठिणगी न दिसतां, भाग निकामी होतो आणि पुढें दोष दुकानदारास जातो. पावसाळ्यांतील दमट हवेंत ही वीज कमी सांठते. पौष-माघांत, हवा कोरडी असतां, अधिक. म्हणून हात लावण्यापूर्वीं अर्थिंग असलेल्या संगणकाच्या पेटीच्या रंग न दिलेल्या धातूस स्पर्श करावा, भाग कडेला धरावा, सोनेरी टोंकांस बोट लावूं नये. आपल्या घामांतही मीठच आहे.

नवा भाग ज्या रुपेरी पिशवींत येतो ती पिशवी टाकूं नये. तिच्यांत धातूचा पातळ थर असून बाहेरची वीज ती अडविते. गुलाबी पिशवी आपण स्वतः वीज सांठवीत नाहीं इतकेंच. बाहेरून आलेली ती अडवीत नाहीं. साधी प्लास्टिकची पिशवी तर वीज सांठविणारीच. कोणी चतुर गृहस्थ स्वयंपाकघरांतील ॲल्युमिनियमचा कागद मदरबोर्डास गुंडाळतात. त्यानें मदरबोर्डावरील बॅटरीचीं दोन टोंकें जोडलीं जाऊन ती तापण्याचा संभव असतो.

पिशवींत घातलेले भाग डब्यांत ठेवावे. डबा रबरी कडेच्या, घट्ट झांकणाचा हवा. लाडवांचा स्टीलचा डबा कितीही मजबूत असला तरी त्याचें झांकण हवा अडवीत नाहीं. आंत सिलिका जेलचे दाणे कापडी पुरचुंडींत बांधून ठेवावे. १० लिटरांच्या डब्यास १०० ग्रॅम पुष्कळ झाले. येथें थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ३० अंश उष्णतेच्या, ओलीनें पूर्ण भरलेल्या एक घनमीटर हवेंत सुमारें ३० ग्रॅम पाणी असतें. तेव्हां १० लिटर हवेंत तें अवघें ०.३ ग्रॅम. १०० ग्रॅम दाणे २० ग्रॅमांहून अधिक पाणी पितात. म्हणजे डब्यांत कोंडलेली हवा हा प्रश्नच नव्हे. प्रश्न आहे तो आंत घातलेल्या कागदाचा. पावसाळ्यांत कोरड्या वाटणाऱ्या २०० ग्रॅम रद्दींत सुमारें २० ग्रॅम पाणी असतें; तें एकटेंच सर्व दाण्यांस संपवून टाकील. आमच्या डिस्कला वर्तमानपत्र आणि पुठ्ठा यांनीं जपलें नाहीं, भिजविलें. ही गोष्ट हिशेब मांडल्यावर आमच्या ध्यानांत आली. दुसरा प्रश्न डबा वरचेवर उघडण्याच्या खोडीचा. लोणच्याच्या बरणीस ज्या घरांत ओला हात लागूं देत नाहींत, त्या घरांस हें अधिक समजावून सांगावयास नको.

दाणे केशरी रंगाचे घ्यावे. ओल पिऊन ते हिरवे होतात. निळे दाणे गुलाबी होतात खरे, परंतु त्यांच्या रंगांत कोबाल्टचा विषारी क्षार असतो, म्हणून मुलांच्या घरांत ते नकोत. हिरवे झालेले दाणे ओव्हनमध्यें १२० अंशांवर दोन तास तापविले कीं पुन्हां केशरी होतात. त्याहून फार अधिक उष्णता दिल्यास रंग जळतो आणि मग ओल कळत नाहीं. त्यांचें पात्र वेगळें असावें व तें पुन्हां स्वयंपाकास घेऊं नये. डब्यांत एक लहानसा आर्द्रतामापक ठेवल्यास फारच उत्तम. त्याचा आंकडा ३० ते ५० च्या दरम्यान असावा.

तांदुळांत भाग पुरून ठेवण्याची एक समजूत हल्लीं पसरली आहे. तांदूळ फार थोडी ओल शोषतो, त्याची भुकटी फटींत शिरते आणि मागोमाग पोरकिडे येतात. कळीचा चुना ओल जोरानें ओढतो, पण त्याची पूड धातूसही खाते आणि डोळ्यांसही. डांबराच्या गोळ्यांच्या वाफेनें कांहीं जातींचें प्लास्टिक मऊ पडतें. काळवंडलेलीं टोंकें चिंच लावून समईसारखीं घांसण्याचा मोह आमच्या एका वहिनींस झाला होता. सोन्याचा मुलामा चिंचेसह धुऊन गेला. त्या टोंकांस आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा हलक्या हातानें फिरवावा, आणि पुरतें सुकल्याखेरीज डब्यांत घालूं नये. उन्हांत वाळवणासारखें पसरणेंही नको.

बॅटऱ्यांस या डब्यांत जागा नाहीं. मदरबोर्डावरील नाण्याएवढी बॅटरी काढून तिच्या मूळ वेष्टनांत वेगळी ठेवावी. तिच्यावरील २०३२ हा आंकडा २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी दाखवितो. म्हणजे रांगत्या मुलाच्या घशांत अडकण्यास अगदीं बेताचें माप. ती गिळली गेल्यास दोन तासांच्या आंत अन्ननलिका भाजूं शकते. 'पोटांत गेली आहे, उद्यां पडेल' म्हणून वाट न पाहतां तत्काळ रुग्णालय गांठावें. ज्या घरांत पांच-सहा मुलें एकाच वेळीं नांदतात त्या घरांनीं ही एक ओळ कपाटाच्या दारावर लिहून ठेवली तरी चालेल. लॅपटॉपची सुटी बॅटरी ठेवावयाचीच असेल तर अर्धी भरून, थंड जागीं, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावी. फुगलेली बॅटरी घरांत एक दिवसही नको. ती दाबूं नये, टोंचूं नये, तिच्यावर काम करणाऱ्याच्या हवालीं करावी. तसेंच जुना पॉवर सप्लाय उघडून आंत कुतूहलानें बोट घालूं नये. तार काढल्यावरही त्याच्या पोटांत वीज कांहीं काळ टिकते.

राहतां राहिली हार्ड डिस्क. ती इतर भागांसारखी भाग नव्हे. मेमरीची पट्टी गेली तर दुकानांत दुसरी मिळते. एसएसडी जातीची नवी डिस्क किंवा पेन ड्राइव्ह माळ्याऐवजीं कपाटांत ठेवला म्हणजे झालें, असेंही समजूं नये. त्यांतील मजकूर विजेच्या सूक्ष्म सांठ्याच्या रूपानें राहतो आणि न वापरतां तो हळूहळू झिरपतो. आयुष्याची मर्यादा गांठलेल्या घरगुती एसएसडीनें ३० अंशांत, विजेविना, एक वर्ष मजकूर राखावा, एवढीच त्या धंद्यांतील प्रमाणांची अपेक्षा आहे. उष्णता वाढेल तसा हा काळ आंखडतो. म्हणून जें जपावयाचें त्याच्या दोन-तीन प्रती निरनिराळ्या जातींच्या साधनांवर असाव्या, त्यांतील एक तरी दुसऱ्या गांवीं असावी, आणि दरवर्षीं प्रत्येक प्रत चालवून पाहावी. आत्याबाईंच्या नऊ तासांपैकीं आज आमच्याजवळ ११ मिनिटें आहेत. पुण्याच्या पुतणीनें तेव्हां एक कहाणी आपल्या फोनमध्यें उतरवून घेतली होती, तेवढीच. तिच्या चार प्रती आतां चार घरांत आहेत. विहिरीचें साल मात्र कोणासच आठवत नाहीं.

हा सर्व व्यवहार ध्यानांत राहण्यास आपल्या पंचांगासारखें दुसरें साधन नाहीं. हवा त्यांतल्या त्यांत कोरडी असते ती पौष-माघांत. तेव्हां दुपारीं डबा भरावा. मृगापूर्वीं दाणे तापवून झांकण लावावें आणि पावसाळाभर त्यास हात लावूं नये. खंडेनवमीस घरांतील कोयती, कातरी, शिवणयंत्र पूजेस काढतात, त्याच दिवशीं हाही डबा काढावा. प्रत्येक भाग वहींतील नोंदीशीं ताडून पाहावा. कशाचा आहे, कोणत्या संगणकास बसतो, कधीं ठेवला, हें पिशवीवरही लिहिलेलें असावें. पॉवर सप्लाय वर्षांतून एकदां चालवून पाहावा, कारण त्यांतील कांहीं भाग नुसते पडून राहिल्यानेंही उतरतात. आणि हळद-कुंकू वाहावयाचें तें डब्याच्या झांकणावर. आंत एक चिमूटही जातां कामा नये.

गेल्या खंडेनवमीस आमच्या घरीं डबा उघडला तेव्हां मापकावर ३८ हा आंकडा होता आणि दाणे केशरी होते. मिठाची बरणी अजून ओलीच होती.